मागून बघायचं यंत्र

जुन्या ट्रॅक्टरांचे मेळे अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत भरतात. त्यांची छायाचित्रं पाहिली की एक गोष्ट सरसकट दिसते : जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर पुढून टिपलेला असतो. रेडिएटरची जाळी, तिच्यावरचं कंपनीचं नाव, चकचकीत रंग आणि बॉनेटवर हात ठेवून उभा असलेला मालक. मोटारीच्या बाबतीत हे चालून जातं, तिचा डौल तोंडावरच असतो. ट्रॅक्टरचं काम मात्र पाठीमागे चालतं. औत कुठे जोडलंय, कसं जोडलंय आणि ते जमिनीत अडलं तर काय होतं, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ट्रॅक्टरचा बहुतेक इतिहास येऊन जातो. इंजिनाची गोष्ट त्या मानाने सोपी, आणि बरीचशी मोटारीशी सामाईक. म्हणून या पुस्तकाच्या उंबरठ्यावर मी वाचकाला आधी यंत्राच्या मागच्या बाजूला नेणार आहे. पुढची बाजू पुढच्या पानांवर भरपूर आहे, तीही रंगीत.

सुरुवात वाफेपासून करावी लागते. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन फाउलरने वाफेवर नांगरट करून दाखवली, पण त्याचं इंजिन तासात उतरतच नसे. ते बांधाकडेला उभं राही आणि तारेच्या दोराने नांगर शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला जाई. बॉयलर, पाणी आणि कोळसा धरून त्या धुडाचं वजन एवढं, की ओल्या जमिनीत ते रुतून बसलं असतं. रुतलं नसतं, तरी जमीन दाबून कठीण करून ठेवली असती. १८५८ साली रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने या युक्तीला ५०० पौंडांचं बक्षीस दिलं. म्हणजे यांत्रिक नांगरटीचा पहिला मोठा सन्मान शेतात पाय न टाकणाऱ्या इंजिनाला मिळाला.

अमेरिकेत जमीन विस्तीर्ण आणि बरीचशी कोरडी, त्यामुळे तिथे वाफेची इंजिनं थेट शेतात गेली. तरी त्यांचा खरा हंगाम मळणीचा. इंजिन एका जागी उभं करायचं, लांब पट्टा लावायचा आणि मळणीयंत्र फिरवायचं. ठिणगी उडून गंजी पेटायची धास्ती आणि पाण्याची सततची ओढाताण, या दोन गोष्टींना कंटाळलेल्या मळणीवाल्यांपैकी एक जॉन फ्रोलिक. १८९२ साली आयोवा राज्यात त्याने पेट्रोलवर चालणारं आणि स्वतःच्या बळावर पुढे-मागे जाणारं इंजिन बांधलं आणि साउथ डाकोटात मळणीला नेलं. त्यातून वॉटर्लू शहरात कंपनी उभी राहिली, पुढे तिचा 'वॉटर्लू बॉय' ट्रॅक्टर आला आणि १९१८ साली ती कंपनी जॉन डीअरने विकत घेतली. हिरव्या-पिवळ्या रंगाच्या भक्तांचं मूळपीठ ते हेच. आयोवातल्याच हार्ट आणि पार या दोघांचा १९०३ सालचा एक ट्रॅक्टर स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. इंग्लंडात डॅन अल्बोन नावाच्या सायकल बनवणाऱ्याने त्याच सुमारास 'आयव्हेल' हा तीनचाकी हलका ट्रॅक्टर काढला. कल्पना काळाच्या पुढची होती, पण अल्बोन १९०६ मध्ये वारला आणि कंपनीही फार टिकली नाही.

त्या काळच्या ट्रॅक्टरांची नावं बघा : १०-२०, १२-२५, १५-३०. नवख्या संग्राहकाला हे मॉडेल नंबर वाटतात. खरं तर तो जाहीर कबुलीजबाब आहे. पहिला आकडा ओढण्यासाठी मागे मिळणाऱ्या अश्वशक्तीचा, दुसरा पट्ट्यावर मिळणाऱ्या अश्वशक्तीचा. म्हणजे इंजिन २५ घोड्यांचं, पण नांगरापर्यंत पोहोचतात १२. उरलेले गिअरांत, लोखंडी चाकांत आणि भुसभुशीत मातीत हरवतात. हा ट्रॅक्टर उभा राहून चांगला होता आणि चालताना निम्मा. कंपन्या हे आकडे स्वतःच ठरवत, त्यामुळे त्या निम्म्यावरही विश्वास ठेवायची सोय नव्हती.

नेब्रास्काच्या विल्मॉट क्रोझियर या शेतकऱ्याने हा विश्वास ठेवून पाहिला. त्याने घेतलेल्या ट्रॅक्टरवर 'फोर्ड' हे नाव होतं, पण मोटारवाल्या हेन्री फोर्डचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून ते नाव बॉनेटवर रंगवलं होतं. ट्रॅक्टर धड चालेना. क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली त्याच्या पुढाकाराने कायदा झाला : नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा तर आधी राज्याच्या विद्यापीठात त्याची चाचणी झाली पाहिजे. १९२० साली पहिली चाचणी झाली ती वॉटर्लू बॉयची. त्या चाचण्यांतली निर्णायक गोष्ट मागे मोजली जाई. ट्रॅक्टरला भार जोडायचा आणि तो खरोखर किती ओढतो ते बघायचं. शेतकऱ्याने कारखानदाराला कायद्याने खरं बोलायला लावल्याची अशी उदाहरणं कुठल्याच देशात फार सापडत नाहीत. लिंकन शहरातल्या त्या विद्यापीठाच्या चाचणीघराचे जुने अहवाल आज संग्राहक पोथीसारखे वाचतात, आणि ते योग्यच आहे.

खऱ्या फोर्डचा ट्रॅक्टर तोवर आला होता. १९१७ साली पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घोडे आणि माणसं आघाडीवर गेली, अन्नाची जहाजं पाणबुड्या बुडवू लागल्या आणि ब्रिटिश सरकारने फोर्डकडे ६,००० ट्रॅक्टरांची मागणी नोंदवली. हाच फोर्डसन, मॉडेल एफ. त्याला वेगळी चौकट नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांचे ओतीव भाग एकमेकांना बोल्टने जोडले की तोच सांगाडा. त्यामुळे तो हलका झाला आणि स्वस्तही. १९२२ मध्ये फोर्डने किंमत ३९५ डॉलरवर आणली आणि अनेक लहान कंपन्यांचं दुकान कायमचं बंद झालं. १९२८ पर्यंत अमेरिकेत सुमारे ७ लाख ४० हजार फोर्डसन निघाले. रशियाने ते हजारोंनी घेतले, शिवाय लेनिनग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यात त्याची नक्कलही सुरू केली.

फोर्डसनमध्ये दोन खोडी होत्या. एक सोसण्याजोगी : मागच्या आसातला वर्म गिअर चालकाच्या आसनाखालीच होता आणि काम करताना तो सडकून तापे. दुसरी जीव घेणारी. नांगराचा फाळ खडकात किंवा मुळीत अडकला, की मागची चाकं जागीच थांबत, पण इंजिन त्यांना फिरवायचा जोर सोडत नसे. चाक फिरत नाही म्हटल्यावर तो जोर उलट्या दिशेने ट्रॅक्टरच्या धडावर येई. तोंड वर उचललं जाई आणि यंत्र मागच्या मागे चालकाच्या अंगावर पालथं होई. हे व्हायला एखाद-दोन क्षण पुरत, क्लचवर पाय जाईपर्यंत उशीर झालेला असे. अशा अपघातांत बरीच माणसं दगावली. संग्रहात ठेवलेल्या काही फोर्डसनांच्या मागे लांबुडकी, मागे निघालेली मडगार्डं दिसतात. ती शोभेची नाहीत. ट्रॅक्टर उलटू लागला तर ती आधी जमिनीला टेकावीत म्हणून पुढे बसवलेली ती सोय आहे.

मधल्या काळात आलेला 'फार्मॉल' माझ्या सिद्धांताला थोडा छेद देतो, कारण तो मागून नाही, खालून बघावा लागतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बर्ट बेंजामिनने १९२४ साली बाजारात आणलेल्या या ट्रॅक्टरचं पोट उंच होतं आणि पुढची दोन चाकं एकमेकांना खेटून. मका किंवा कापूस हातभर वाढला तरी ओळींवरून तो चालू शके आणि कोळपणी करू शके. फोर्डसन नांगरट करी, पण कोळपणीला घोडे लागतच. म्हणजे ट्रॅक्टर घेऊनही तबेला सुटत नसे. फार्मॉलने तबेला सोडवला. तरी अमेरिकन शेतांवर घोडे आणि खेचरं मिळून जितकी जनावरं होती, त्यांच्याहून ट्रॅक्टर जास्त व्हायला १९५४ साल उजाडावं लागलं. लाल रंगाच्या चाहत्यांसाठी एक नोंद : फार्मॉल १९३६ पर्यंत निळसर राखाडी होता. त्याआधीचा एखादा 'अस्सल लाल' म्हणून दाखवला जात असेल, तर विचारपूस करावी.

आता हॅरी फर्ग्युसन. याच्यापाशी मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते ट्रॅक्टरच्या इतिहासाचे दोन भाग पडतात, फर्ग्युसनच्या आधीचा आणि नंतरचा. आयर्लंडमधल्या काउंटी डाऊनच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १८८४. शेतीचा कंटाळा, यंत्रांचं वेड. १९०९ साली स्वतः बांधलेलं विमान त्याने उडवलं होतं. युद्धकाळात सरकारी खात्याने त्याला आयर्लंडमधले ट्रॅक्टर नीट चालतात का हे पाहायला पाठवलं. विली सँड्स या आपल्या मेकॅनिकला घेऊन तो गावोगाव फिरला. त्याला दिसलं ते असं : ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैल आणि मागे साखळीने बांधलेला बैलांचाच नांगर. दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखतच नव्हती.

त्यावर त्याने जे काढलं ते आज आपण रोज बघतो, म्हणून त्यातलं नवल आपल्याला जाणवत नाही. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन दांडे आणि मध्ये वर एक, ज्याला आपल्याकडचा कुठलाही चालक 'टॉप लिंक' म्हणतो. नांगर जमिनीत शिरला की खालचे दोन दांडे त्याला ओढतात. नांगराचा कल पुढे कोलमडायचा असतो, त्यामुळे वरचा दांडा ओढला न जाता ट्रॅक्टरवर पुढच्या दिशेने दाबला जातो. त्या दाबाने ट्रॅक्टरचं तोंड जमिनीवर टेकून राहतं. ज्या नांगरामुळे फोर्डसन उलटत असे, तोच नांगर इथे पुढची चाकं खाली धरून ठेवतो. वरच्या दांड्याच्या मुळाशी एक जाड स्प्रिंग. जमीन कठीण लागली, ओढ वाढली की स्प्रिंग दबते, हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर किंचित वर येतो. जमीन मऊ लागली की पुन्हा खाली. फाळ खडकावर आदळलाच, तर मागच्या चाकांवरचा भार एकदम कमी होतो आणि ती जागच्या जागी गरगर फिरतात. ट्रॅक्टर थांबतो, चालक शाबूत.

हे सगळं असलेला फर्ग्युसनचा काळा नमुना १९३३ चा. तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९३८ च्या ऑक्टोबरात त्याने डिअरबॉर्नला हेन्री फोर्डपुढे प्रात्यक्षिक केलं. कागद झाला नाही, दोघांनी फक्त हात मिळवले, आणि १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला. म्हाताऱ्या फोर्डचा शब्द नातवाने पाळला नाही. दुसऱ्या हेन्री फोर्डने करार मोडून तीच जोडणी असलेला स्वतःचा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरांहून मोठा दावा लावला आणि १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. तोंडी व्यवहार, भाऊबंदकीसारखं वितुष्ट, वर्षानुवर्षं कोर्ट. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ही गोष्ट सांगितली तर कुणी परकी समजणार नाही.

दरम्यान फर्ग्युसनने इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात, जिथे युद्धात विमानांची इंजिनं बनत, स्टँडर्ड मोटर कंपनीकडून स्वतःचा टीई-२० बनवून घेतला. १९४६ ते १९५६ या काळात ५,१७,६५१ नग. राखाडी रंगाची ही छोटी फर्गी संग्राहकांची सर्वांत लाडकी असावी, आणि कारण तिला हात लावला की कळतं. गिअरचा दांडा 'एस'वर नेला की स्टार्टर फिरतो, म्हणजे गिअरमध्ये असताना ती सुरूच होऊ शकत नाही. बहुतेक सगळी जुळणी एकाच पान्याने होते आणि त्या पान्यावर इंचांच्या खुणा आहेत, म्हणजे नांगराची मापंही त्यानेच घ्यायची. क्रमांकाच्या पट्टीवरची अक्षरं वाचायला शिकलात तर तिची जात कळते : टीईए पेट्रोलची, टीईडी रॉकेलसारख्या स्वस्त इंधनाची, टीईएफ डिझेलची. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो पट्टे चढवलेल्या याच ट्रॅक्टरांवर.

इथवर आलेला वाचक विचारील, की मग पुढून बघण्यात काहीच मजा नाही का? आहे, आणि ती 'लान्झ बुलडॉग'जवळ उभं राहिलं की पुरेपूर मिळते. जर्मनीत मानहाइमला फ्रिट्झ हुबरने १९२१ साली काढलेला हा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर जवळजवळ कुठलंही तेल पिऊन चालतो. पुढे एक पोकळ गोळा आहे, तो ब्लो-लॅम्पने लाल होईपर्यंत तापवायचा. मग बऱ्याच मॉडेलांत स्टिअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि त्याला झोके द्यायचे. धप् आवाज झाला की इंजिन लागलं. क्वचित ते उलट दिशेने लागतं, मग पुढचे सगळे गिअर मागे नेतात. भोवतीची पोरं खिदळतात आणि मालक शांतपणे इंजिन जवळजवळ थांबवून पुन्हा सरळ फिरवतो. जॉन डीअरच्या दोन सिलिंडरांच्या ट्रॅक्टरांचा तो विषम 'पॉप-पॉप'ही असाच, ज्यांच्या कानात बसलाय त्यांना दुसरं संगीत नको असतं. १९६० साली कंपनीने चार आणि सहा सिलिंडरांचे ट्रॅक्टर आणले तेव्हा त्यांच्या घरात सुतक पडलं असणार.

संग्रहाचा छंद म्हणून हे सगळं तसं अलीकडचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत भंगार गोळा करायच्या मोहिमा निघाल्या आणि वाफेची इंजिनं, पहिल्या पिढीचे ट्रॅक्टर मोठ्या संख्येने वितळवले गेले. उरलेली यंत्रं वाचवायची ओढ त्यानंतर लागली. आयोवात माउंट प्लेझंटला जुन्या मळणीवाल्यांचा मेळा १९५० पासून भरतो. सुरुवातीचे संग्राहक ही यंत्रं स्वतः चालवलेली माणसं होती. दुर्मीळपणाचं वेड पुढे आलं, आणि त्या वेडात अपयशाला भाव चढला. १९३८ सालचा मिनियापोलिस-मोलाइनचा यूडीएलएक्स घ्या : बंद केबिन, हीटर, रेडिओ. आठवडाभर नांगरायचं आणि रविवारी त्यातूनच गावात जायचं, ही कल्पना. शेतकऱ्यांनी पाठ फिरवली आणि दीडशेच्या आसपासच विकले गेले. आज त्याच्यापुढे रांग लागते आणि जग बदलणारा फोर्डसन कोपऱ्यात उभा असतो. संग्राहकांच्या या न्यायाबद्दल माझी तक्रार आहे, पण ऐकणार कोण?

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ट्रॅक्टर जपले जातात, औतं जपली जात नाहीत. नांगर, पेरणीयंत्रं, कोळपी अजूनही किलोवर भंगारात जातात. फर्ग्युसनने ट्रॅक्टर आणि औत मिळून एक यंत्र केलं आणि आपण त्यातला अर्धा भाग रंगवून मिरवतो.

भारतातली कहाणी वेगळ्या टोकाने सुरू होते. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतात खोल मुळांच्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करायला घेतल्या. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला त्यासाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. १९५६ साली राजस्थानात सुरतगडला सोव्हिएत यंत्रांच्या भेटीवर मोठा सरकारी फार्म उभा राहिला. देशात बनलेले ट्रॅक्टर नंतरचे : फरिदाबादला आयशर, मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे, आणि मुंबईत कांदिवलीला १९६३ पासून महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांची कंपनी. कांदिवलीचा बी-२७५ मूळचा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा, आणि त्यातला २७५ हा आकडा महिंद्राच्या ट्रॅक्टरांवर आजही आहे. परदेशी आराखड्याशिवाय, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज १९७४ साली पंजाबात आला.

महाराष्ट्रात ट्रॅक्टरच्या मागे काय असतं? वर्षाचे काही दिवस पलटी नांगर, रोटावेटर, पेरणीयंत्र. उरलेले महिने ट्रॉली. उसाच्या पट्ट्यात तर गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीला टॉप लिंक लागत नाही, त्यामुळे फर्ग्युसनने दिलेलं संरक्षण तिथे मिळत नाही. चढावर मोळ्यांनी ठासून भरलेल्या ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं हवेत उचललेली आणि पोरं बॉनेटवर चढून तोंड खाली दाबताहेत, हे दृश्य साखर कारखान्याच्या रस्त्यावर ज्याने पाहिलंय त्याला १९२० च्या दशकातला फोर्डसन निराळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडे जुने ट्रॅक्टर जमवणं अजून छंद झालेला नाही, याचं एक कारण असं की ते जुने झालेले नाहीत. पन्नाशी उलटलेला बी-२७५ अजून कडबाकुट्टी फिरवतो, डबकी उपसतो, लग्नात मांडवाचं सामान आणतो. त्याचं बॉनेट एकाचं, मडगार्ड दुसऱ्याचं, आसन गावातल्या वेल्डरने केलेलं, हॉर्न ट्रकचा. पाश्चात्त्य पद्धतीचा संग्राहक हे सगळं काढून, कारखान्याचा रंग जुळवून त्याला नवा कोरा करील. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात कधी ट्रॅक्टरांचं संग्रहालय झालं, तर त्यात असा एक बी-२७५ आहे तसाच उभा करावा, बॉनेटवरच्या गावच्या देवाच्या नावासकट, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद लावून. त्याच्यामागे त्याची ट्रॉली हवी, शेजारी त्याने ओढलेला पलटी नांगर. आणि पाहणाऱ्यांची वाट मागच्या बाजूने काढावी.